अप्पांचा विसावा

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरात दोन केळ्या भरायच्या, हा नियम केशवनं दुष्काळातही मोडला नव्हता. मातीच्या त्या लहान घागरींपैकी पहिली देवापुढं, गव्हाच्या राशीवर, वारलेल्या वडिलांच्या, अप्पांच्या नावानं. दुसरी पोटावर.

ही दुसरी केळी म्हणजे या कुटुंबाचं खास प्रकरण होतं. ज्याला गायचं आहे त्यानं चटईवर उताणं पडायचं, बेंबीच्या वर काठोकाठ भरलेली केळी ठेवायची आणि षड्ज लावायचा. श्वास पोटातून संथ गेला तर केळी संथ वर येते, संथ खाली जाते. छाती उचंबळली की पाणी सांडतं, आणि पाणी सांडलं की तो माणूस त्या वर्षी आखितीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात अप्पांची चीज गाणार नाही. ही रीत कुणी घातली असं विचारलं तर केशव म्हणायचा, "पूर्वापार आहे." पूर्वापार म्हणजे कधीपासून, हे विचारायची घरात पद्धत नव्हती.

यंदा चटईवर त्याचीच लेक होती. स्वराली चोवीस वर्षांची, गळा आजोबांचा आणि हट्टही आजोबांचाच. डिसेंबरात एका कार्यक्रमात गाता गाता तिला दम्याचा झटका आला होता. ओठ निळे पडले, केशवनं पेटी तशीच उघडी टाकून तिला उचललं आणि रिक्षात घातलं. डॉक्टर नंतर म्हणाले, औषध वेळेवर घे, पंप जवळ ठेव आणि खुशाल गा. स्वराली गायला तयार होती. बाप मात्र त्या दिवसापासून तिला शिकवायला बसला नव्हता. आज ना उद्या करत पाच महिने ढकलले, तेव्हा काल तिनंच जेवताना सांगून टाकलं होतं, "बाबा, उद्या संध्याकाळी अप्पांची चीज मी गाणार. नाय म्हणालात तर पुन्हा मागणार नाही. तानपुरा आत्याकडं ठेवीन आन् पुण्याची नोकरी धरीन." पुण्याच्या बँकेचं बोलावणं खरंच आलं होतं, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती.

"लाव सा," केशव म्हणाला.

तिनं लावला. खोली भरून गेली. केळी एकदा वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. दारात उभ्या असलेल्या तिच्या आईनं, आशानं, पदराचं टोक दातात धरलं होतं. आणि तेवढ्यात समोरच्या नव्या इमारतीच्या कामावर कुणीतरी सिमेंटची रिकामी पोती झटकली. खिडकीतून धूळ आत आली, स्वरालीला खोकला आला आणि केळी कलंडली. चटई भिजली, फरशीवर ओघळ गेला.

नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं. लातूरला तर आगगाडीनं पाणी नेत होते. आशा धावत आली, ओलं फडकं मोगऱ्याच्या कुंडीत पिळलं आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "मोगऱ्याचं तरी भलं झालं."

"हिमांशू गाईल," केशव म्हणाला.

स्वराली उठून बसली. तिनं पंप घेतला आणि पाठ भिंतीला टेकली. केशवला ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

"ती खिडकी काय तिनं उघडली होती का रे?" हे यमुनाबाईंनी विचारलं. केशवची थोरली बहीण, त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, पुरणाचं पातेलं मांडीशी धरून बसलेली. गंमत अशी की हिमांशू तिचाच मुलगा होता. चितेगावच्या कंपनीत नोकरी करणारा, रोज पहाटे पळायला जाणारा. पण आई मुलाच्या बाजूनं नव्हती. भाऊ मात्र भाच्याच्या बाजूनं होता, आणि भाच्याला दोघांच्या मधून निसटायचं होतं.

"ताई, नियम नियम असतो," केशव म्हणाला.

"मंग पोराचीही घे की परीक्षा. माझा आहे म्हणून सोडू नको."

हिमांशू निमूटपणे आडवा झाला. त्याच्या पोटावर केळी अशी राहिली, जणू पाटावर ठेवली आहे. केशवचा चेहरा खुलला. "आता चीज म्हण. पहिली ओळ."

पूरिया धनाश्रीतली ती चीज अप्पांनी स्वतः बांधलेली. विहीर आटली आहे, बाई रिकामी घागर घेऊन उभी आहे: 'रीती गागर लेके कैसे घर जाऊँ.' हिमांशूनं झोपल्या झोपल्या अख्खी ओळ एका दमात म्हटली आणि मामाकडे पाहिलं.

मामाच्या कपाळावर आठ्या. "विसावा कुठंय?"

हा विसावा म्हणजे घराण्याची शान. 'रीती' म्हणून अप्पा थांबायचे. तबल्याचे चार बोल एकटे जायचे आणि मग 'गागर' यायचं. शब्दाच्या जोडीत असा खड्डा पाडायचं धाडस दुसरं कोण करणार? केशवनं या विसाव्यावर व्याख्यानं दिली होती. त्या थांब्यात रिकामी घागर ऐकू येते, असं तो सांगायचा, आणि सांगताना दर वेळी त्याचा आवाज जड व्हायचा.

"मामा, मला तिथं श्वास लागतच नाही," हिमांशू म्हणाला.

"लागत नसला तरी घ्यायचा!"

यमुनाबाई खुदकन हसल्या. पुरण घोटता घोटता त्यांना इतकं हसू लोटलं की डोळ्यांत पाणी आलं. केशवला राग आला. "हसायला काय झालं?"

"काही नाही रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि ते पाणी काही सगळं हसण्याचं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

बाराच्या सुमारास फारूखभाई आले. शहागंजातून आंब्याची पाटी रिक्षात घालून, टोपी घामानं चिंब. अप्पांचे तबलजी. तरुणपणी अप्पांच्या शेजारी बसले ते अप्पा जाईपर्यंत उठले नाहीत. कापडाचं दुकान आता मुलाच्या हवाली केलं होतं. आखितीचा आमरस त्यांच्याच आंब्यांचा, हा या घराचा आणखी एक नियम, आणि हा मात्र कुणालाच जाचत नव्हता.

"काय उन्ह म्हणायचं का इस्तव!" ते टेकले. मग त्यांची नजर ओल्या चटईवर गेली, शेजारच्या केळीवर गेली, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. "कोणाला त्रास व्हायलाय? बेटी तेरे कू?"

"चाचा, मी आता बरी आहे," स्वराली म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"ही केळी पोटावर घेतली ना कोणी? मंग कळणार नाय का? हा इलाज मी नाही ओळखणार तर कोण? अच्छा किया, चालू ठेव. अप्पांना लई गुण आला होता."

"कसला इलाज?" केशवनं विचारलं.

फारूखभाईंनी यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाईंनी पुरणाचं पातेलं खाली ठेवलं.

"सांगा फारूखभाई," त्या म्हणाल्या. "आता बास झालं. आईला शब्द दिला होता, पण ती आज इथं असती तर तिनंच सोडवलं असतं मला."

"फारूखभाई, कसला इलाज?"

"दम्याचा रे बेटा. अप्पांच्या दम्याचा."

केशव हसला. हसू कुणी परत केलं नाही, तेव्हा त्याचं त्यालाच ते आवरावं लागलं.

"अप्पांना दमा नव्हता."

"तू सहा वर्षांचा होतास," यमुनाबाई म्हणाल्या. "मी अठराची. बहात्तरचा दुष्काळ. अप्पा कचेरीत कारकून, त्यांना खडीच्या कामावर हजेरी मांडायला धाडलं. माणसं दिवसभर दगड फोडायची आन् अप्पा त्या धुळीत बसून नावं पुकारायचे. वर्षभर. परत आले तेव्हा जिना चढताना दोनदा थांबायचे. आई म्हणाली, कुठं बोलायचं नाही. दमेकरी गवयाला कोण बोलावतंय?"

"पण त्यांचं गाणं..."

"त्या आधीचं गाणं तू ऐकलंच नाहीस, केशव. मी ऐकलंय. 'रीती गागर लेके कैसे घर जाऊँ', सगळी ओळ एका श्वासात. आत्ता माझ्या पोरानं म्हटली ना, तशीच. म्हणून मला हसू आलं."

केशव खुर्चीवर बसला. "मग विसावा?"

"तो माझ्यासमोर झाला," फारूखभाई म्हणाले. "चौऱ्याहत्तर. शहागंजात कार्यक्रम, दुष्काळानंतरचा पहिला. अप्पा 'रीती' म्हणाले और बस. दम खलास. मी बघितलं, मान खाली, छाती भात्यासारखी. मी जवान होतो, घाबरलो. हात आपोआप चालले, चार बोल टाकले, तोपर्यंत त्यांनी श्वास घेतला न् 'गागर' म्हणून समेवर आले. आन् लोकांनी काय करावं? वाह वाह! टोप्या उडवल्या! घरी जाताना टांग्यात अप्पा हसून हसून बेजार. बोले, मियाँ, हमारी मजबूरी पे दाद मिली. ये अपने दोनों की बात. तेव्हापासून रोज तिथंच थांबायचे, रोज मी भरायचो."

"आणि केळी? पाणी न सांडायची ती परीक्षा?"

"कोण्या वैद्यानं सांगितली होती. सकाळी उठून पोटावर घेऊन पडायचे. तुम्ही पोरं बघायची न् शेजारी तांबे घेऊन झोपायची. पाणी सांडायचं, अप्पा हसायचे. परीक्षा नव्हती रे. परीक्षा कधी केली तुम्ही त्याची?"

याचं उत्तर केशवला ठाऊक होतं. अप्पा गेले त्याच्या पुढच्या आखितीला. वडील नाहीत, निदान त्यांचं काहीतरी अगदी काटेकोर धरून ठेवावं, म्हणून त्यानंच पहिल्यांदा म्हटलं होतं: सांडलं तर गायचं नाही.

तो उठून गॅलरीत गेला. खाली टँकर लागला होता, इमारतीतल्या बाया घागरी, बादल्या, पिंप घेऊन रांगेत भांडत होत्या. समोर नवे मजले चढत होते. त्याच्या लहानपणी तिथं बोरीबाभळी होत्या आणि अप्पा संध्याकाळी त्याला तिकडं फिरायला न्यायचे. चालता चालता मध्येच थांबून म्हणायचे, "केशव, ते पाखरू बघ." किती पाखरं दाखवली अप्पांनी! आज त्याला कळलं की त्यातली निम्मी तरी पाखरं नव्हतीच. त्याला भडभडून आलं. वडिलांचा राग आला, मग दया आली, आणि मग त्या माणसाचं असं प्रेम दाटून आलं की गॅलरीचा गज त्यानं घट्ट धरला.

मागून स्वराली आली. "बाबा, जेवायला चला. ताटं वाढलीत."

"स्वरा, मी तुला नाही म्हटलं ते पाणी सांडलं म्हणून नव्हे."

"मला माहीत आहे."

"डिसेंबरात तुला उचललं ना, तेव्हा तुझं ओझंच लागलं नाही हाताला. मला त्या दिवसापासून तुझा सा ऐकू आला की भ्या वाटतं. नियमाच्या आड लपलो मी. बाप आहे, दुसरं काय करणार?"

"बाबा, मला परीक्षा नको होती," ती म्हणाली आणि आता मात्र तिचे डोळे भरले. "मला शिकवायला हवं होतं तुम्ही. श्वास कमी आहे तर कमी श्वासात कसं गायचं, हे कोण शिकवणार मला? पुण्याची बँक?"

केशवनं तिचा हात धरला आणि तिला आत आणलं.

जेवणं झाली. पुरणपोळीवर आमरस म्हणजे एरवी माणूस आडवाच होतो, पण केशवनं कुणाला पडू दिलं नाही. पोट हलकं व्हायला वेळ दिला, खिडक्या लावल्या, चटई पुन्हा अंथरली आणि केळी अर्धीच भरली. हिमांशूला म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे?"

"मामा, खरं सांगू? मला सकाळपासून कोणी विचारलंच नाही. मी तानपुऱ्यावर बसतो. आन् समोरच्या कामावरचा मुकादम ओळखीचा आहे, संध्याकाळपुरती ती धूळ बंद करायला सांगतो." एवढं बोलून तो पायात चपला घालून गेलासुद्धा. यमुनाबाईंनी त्याच्या पाठीकडे असं पाहिलं, की परीक्षेत पहिला आला असता तरी पाहिलं नसतं.

स्वराली आडवी झाली. केशव शेजारी मांडी घालून बसला. एवढी वर्षं तो हे वरून, उभा राहून बघत आला होता.

"घे श्वास."

तिनं भरभरून घेतला. खांदे कानाशी गेले.

"हां, थांबा," फारूखभाई म्हणाले. "अप्पा असा नाय घ्यायचे. ते म्हणायचे, दमेकऱ्याची आफत घेण्यात नाही, सोडण्यात आहे. जुनी हवा आतच बसलेली, वर नवी कोंबून काय होणार? पहिले खाली कर. फिर भर."

"ऐकलंस?" केशव म्हणाला. "आधी सोड. ओठ थोडे मिटून, फुंकर घातल्यासारखा. घाई नको. केळी खाली जाऊ दे... अजून... आता घेऊ नको, नुसतं पोट सैल सोड. येईल तो आपोआप."

आला. केळी हळूच वर उचलली गेली. खांदे जागच्या जागी.

"आता तेवढ्याच श्वासात सा. संपत आला की ताणायचं नाही. सोडून द्यायचा."

"सुटला तर?"

"सुटू दे. पाणी सांडलं तरी सांडू दे."

"सांडू दे म्हणतायत बघा," आशा स्वयंपाकघरातून म्हणाली. "चौथ्या दिवशी नळ येतोय इथं."

सगळे हसले, स्वरालीही हसली, आणि केळीतलं पाणी डचमळलं. थोडं सांडलंच. "पुन्हा," केशव म्हणाला.

संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या. शिंपडायला पाणी नव्हतं, म्हणून दुपारीच झाडून धूळ बसू दिली होती. समोरचं काम खरोखर बंद होतं. माणसं बरीच जमली, अप्पांचे जुने श्रोते, केशवचे विद्यार्थी, पुढच्या रांगेत देशपांडे वकील, ज्यांना गाण्यातलं सगळं कळत असे. मागं तानपुऱ्यावर हिमांशू, पेटीवर केशव. आणि तबल्यावर फारूखभाई, बऱ्याच वर्षांनी. नेहमीचा तबलजी त्यांना जागा देऊन मागं बसला होता. स्वरालीनं पंप घेतला, तो लपवला नाही, तानपुऱ्याजवळ ठेवला.

आलाप संथ झाला. केशवचं लक्ष सुरांकडे कमी आणि तिच्या खांद्यांकडे जास्त होतं. खांदे हलत नव्हते. मग चीज सुरू झाली.

'रीती...'

केशवची बोटं थांबली. चाळीस वर्षांची सवय, दुपारी ऐकलेल्या गोष्टीनं थोडीच मोडणार? पेटी गप्प झाली. स्वराली मात्र थांबली नाही. एकट्या गळ्यानं ती पुढं गेली, '...गागर लेके कैसे...', आणि तिथं तिचा श्वास संपला.

केशवला तो संपताना दिसला. गळ्याशी शीर हलली. डिसेंबर त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. हात पेटीवरून उठायला निघाले. पण तिनं ताणलं नाही. तिनं सोडला. पोट सैल झालं, खांदे जागच्या जागी, डोळे मिटलेले. आणि फारूखभाईंच्या म्हाताऱ्या बोटांनी, कुणी न सांगता, चार बोल त्या जागेत ठेवले. चौथ्या बोलाला स्वरालीनं वर पाहिलं, हसली आणि 'घर जाऊँ' म्हणत समेवर आली.

"वाह!" देशपांडे वकील गुडघ्यावर थाप मारून ओरडले.

दुसऱ्यांदा ओळ आली तेव्हा केशवनं पेटी थांबवली नाही. तिसऱ्यांदा ती भलतीकडेच थांबली, 'लेके'पाशी. चौथ्यांदा थांबलीच नाही. जिथं श्वास संपेल तिथं ती घेत होती आणि फारूखभाई तिच्या तोंडाकडे बघत तयार बसलेले असत. केशवला कळेना की आता पुढं काय होईल, आणि वडिलांच्या चिजेत पुढं काय होईल हे आपल्याला ठाऊक नाही, याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

कार्यक्रम संपला. माणसं पाया पडायला, हात मिळवायला पुढं आली. यमुनाबाईंनी भाचीला पोटाशी धरलं होतं आणि आशा वाट्यांतून आंब्याची डाळ वाटत होती. देशपांडे वकील केशवपाशी आले. भारावून गेले होते.

"केशवराव, काय हा नवा विसावा! 'कैसे' म्हणून थांबली पोरगी. प्रश्न नुसता अधांतरी! अप्पांचा विसावा घागरीचा होता, हा बाईच्या मनाचा. घराणं पुढं गेलं तुमचं. किती विचार केला असेल यामागं!"

केशवनं फारूखभाईंकडे पाहिलं. फारूखभाई तबल्यावर गवसणी चढवत होते, पण त्यांचे हात थांबले होते. यमुनाबाईही इकडंच बघत होत्या. होय म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. उलट पुढच्या वर्षी व्याख्यानाला विषय मिळाला असता.

"विचार-बिचार काही नाही हो," केशव म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असं. "अप्पांना दमा होता. माझ्या लेकीलाही आहे. तिथं तिचा श्वास संपला, म्हणून तिनं घेतला. मग पुढं गायली."